एच-वन-बीवर अमेरिकेला निघालात? गाडीच्या विम्याची तयारी मुंबईतच करा

अमेरिकेत नोकरीसाठी निघालेल्यांची तयारी आमच्या घरात आणि शेजारीपाजारी सतत चालू असते. बॅगांचं वजन, औषधं, कुकर, मसाले, डिग्रीच्या प्रती या सगळ्याची यादी होते. गाडीच्या विम्याचा विषय मात्र तिथे डीलरसमोर बसल्यावरच निघतो. तोवर लागणारे बरेचसे कागद इथे, आरटीओत आणि आपल्या विमा कंपनीच्या कार्यालयात, राहून गेलेले असतात. न्यू यॉर्क, शिकागोसारखी काही शहरं सोडली तर अमेरिकेत गाडीवाचून अडतंच, आणि विम्याशिवाय ती गाडी डीलरच्या आवारातून बाहेरही काढता येत नाही. म्हणून एच-वन-बी, एल-वन असे नोकरीचे, ठरावीक मुदतीचे व्हिसा घेऊन जाणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितो आहे.

आधी मुळातला फरक

आपल्याकडे विमा गाडीचा असतो. थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता इंजिनच्या क्षमतेवर ठरतो. जून 2022 पासूनचे खासगी गाड्यांचे वार्षिक दर म्हणजे 1000 सीसीपर्यंत ₹2,094, 1000 ते 1500 सीसीला ₹3,416 आणि त्यापुढे ₹7,897. उरलेला हप्ता गाडीच्या किमतीवर आणि नो क्लेम बोनसवर, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीवर. गाडी बाबा चालवतात की नुकतं लायसन्स मिळालेला मुलगा, यावर थर्ड पार्टीचा आकडा हलत नाही.

अमेरिकेत विमा कंपनीचा पहिला प्रश्न गाडी चालवणार कोण, हा असतो. लायसन्स कधीचं, आधी अपघात किंवा दंड झालाय का, गेले सहा महिने सलग विमा होता का, गाडी रात्री कुठल्या पत्त्यावर उभी राहते, वर्षाला किती मैल चालेल, आणि बहुतेक राज्यांत तुमचं क्रेडिट, म्हणजे कर्ज वेळेवर फेडल्याची नोंद, कसं आहे, यावर हप्ता ठरतो. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर दहा वर्षं गाडी हाकलेली असली तरी त्यांच्या नोंदीत तुम्ही कोरे असता.

‘व्हिसा तात्पुरता आहे म्हणून विमा महाग पडतो’ हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. ते खरं नाही. विम्याच्या अर्जात व्हिसाचा प्रकार सहसा विचारतही नाहीत. महाग पडतो तो अमेरिकन लायसन्स नवं, आधीचा विमा नाही आणि क्रेडिटचा इतिहास नाही, या तीन गोष्टींमुळे. तिन्ही गोष्टी काळाने सुधारतात, आणि त्यातली पहिली थोडीफार इथल्या कागदांनी सावरता येते.

व्हिसाचा संबंध येतो तो तिथल्या लायसन्सच्या मुदतीशी, आणि तिथे एक साखळी आहे. पासपोर्टची मुदत कमी असेल तर विमानतळावर आय-94 वरची, म्हणजे अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल हे सांगणाऱ्या प्रवेशाच्या नोंदीवरची, तारीख पासपोर्टच्या मुदतीपर्यंतच मिळू शकते, व्हिसा तीन वर्षांचा असला तरी. लायसन्सची मुदत सहसा आय-94 ला बांधलेली असते, आणि लायसन्स संपलं की विमाही अडचणीत येतो. तेव्हा पासपोर्टची मुदत लवकर संपत असेल तर निघण्याआधीच अंधेरी, मालाड, लोअर परळ किंवा ठाण्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून नवा करून घ्या. व्हिसाचा शिक्का जुन्या पासपोर्टवर असला तरी चालतो, दोन्ही पासपोर्ट सोबत न्यायचे.

मुंबई सोडण्याआधी

आपलं लायसन्स हातात घेऊन नीट वाचा. त्यावर पहिल्यांदा लायसन्स कधी मिळालं ती तारीख वेगळी आणि आताचं कार्ड कधी दिलं ती वेगळी असते. नूतनीकरण झालं असेल, पत्ता बदलला असेल किंवा जुन्या पुस्तिकेचं स्मार्ट कार्ड केलं असेल, तर ठळक दिसते ती नवी तारीख. अमेरिकेतला विमा एजंट तीच धरून ‘दोन वर्षांचा अनुभव’ लिहून मोकळा होतो. पहिली तारीख कार्डावर दिसत नसेल तर परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर लायसन्सचा उतारा मागवता येतो, त्याला तिथे डीएल एक्स्ट्रॅक्टच म्हणतात. तो घ्या, पीडीएफ जपून ठेवा. लायसन्सची मुदत वर्षभरात संपत असेल तर नूतनीकरणही आताच उरका, कायद्याने मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून ते करता येतं.

मग नाव. मराठी माणसाचं घोडं इथे हमखास अडतं. आरटीओच्या कार्डावर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सलग असतं. पासपोर्टवर कधी ‘दिलेलं नाव’ या रकान्यात वडिलांचंही नाव बसलेलं असतं, कधी नसतं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं लायसन्स माहेरच्या आणि पासपोर्ट सासरच्या नावाने असणं तर नेहमीचंच. अमेरिकेत सगळं पासपोर्ट आणि आय-94 वरून जुळवलं जातं. जुळलं नाही तर इथला अनुभव दाखवणारा कागद ‘दुसऱ्या कुणाचा तरी’ ठरतो. तेव्हा लायसन्सवरचं नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या. निदान पॉलिसी, आय-94 आणि तिथलं लायसन्स या तिन्हींवर अक्षरन्अक्षर एकच नाव राहील, हे पाहा.

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, म्हणजे आयडीपी, आपल्या पत्त्याच्या हद्दीतल्या आरटीओतून मिळतं. शहरात ताडदेव, वडाळा, अंधेरी आणि बोरिवली, पलीकडे ठाणे, कल्याण, वाशी. अर्ज सारथी पोर्टलवर भरायचा, नमुना 4-अ, शुल्क ₹1,000. सोबत लायसन्स, पासपोर्ट, व्हिसा, तिकीट यांच्या प्रती आणि फोटो ठेवा, म्हणजे खिडकीवर हेलपाटा पडत नाही. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, आणि त्याआधी मूळ लायसन्स संपत असेल तर तिथपर्यंतच. इंटरनेटवर पैसे घेऊन घरपोच ‘आंतरराष्ट्रीय लायसन्स’ देणाऱ्या ज्या साइट दिसतात, त्यांचं पुस्तक सरकारी नसतं. ते घेऊ नका.

आयडीपी म्हणजे तुमच्या लायसन्सचा भाषांतरित दाखला. एकटं ते कशालाच पुरत नाही, मूळ कार्ड सोबत हवंच. कॅलिफोर्निया तर आयडीपीला लायसन्स म्हणून मानत नाही, तिथे चालतं ते मूळ भारतीय लायसन्सच. तरी आयडीपी घ्याच. भाड्याची गाडी देणाऱ्या काउंटरवर आणि पोलिसाने थांबवल्यावर त्याचा उपयोग होतो.

शेवटचा कागद विमा कंपनीचं पत्र. कंपनीच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, पॉलिसी कुणाच्या नावावर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, क्लेम किती, नो क्लेम बोनस किती टक्के. अमेरिकेतल्या बहुतेक कंपन्या परदेशी अनुभवाला सवलत देत नाहीत, पण काही जण तो विचारात घेतात, आणि जिथे घेतात तिथे हेच पत्र मागतात. गाडी विकून जात असाल तर नो क्लेम बोनस राखून ठेवल्याचं पत्र वेगळं मागा. ते तीन वर्षं चालतं. तीन वर्षांत परत आलात तर इथल्या नव्या गाडीला तो बोनस, म्हणजे 50 टक्क्यांपर्यंतची सूट, लागू होते.

मुंबईतल्या घरांत एक अडचण मात्र नेहमी येते. गाडी असते बाबांच्या नावावर आणि चालवतो मुलगा. मग ते पत्रही बाबांचं आणि बोनसही बाबांचा. अशा वेळी लायसन्सच्या उताऱ्यावरच भिस्त ठेवायची. पत्रात मुलाचं नाव घुसवून घ्यायचा प्रयत्न कुणी करू नये. पुढे मोठा क्लेम आला की कंपनी जुने कागद उकरते, आणि खोटं सापडलं तर पॉलिसी सुरुवातीपासूनच रद्द समजते.

उतरल्यावरचे पहिले आठवडे

घाईने गाडी घेऊ नका. आधी अमेरिकेच्या सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावरून आय-94 काढा आणि नाव, तारीख तपासा. चूक असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या. सोशल सिक्युरिटी नंबर या तिथल्या सरकारी ओळख क्रमांकासाठी आणि मोटार वाहन विभागात म्हणजे डीएमव्हीत जायला आठ-दहा दिवस थांबलेलं बरं. डीएमव्ही तुमचा व्हिसा अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या ‘सेव्ह’ नावाच्या यंत्रणेवरून पडताळते. तिथे नोंद पोहोचलेली नसेल तर अर्ज लटकतो आणि चकरा वाढतात.

तोवर भाड्याची गाडी. काउंटरवर दोन गोष्टी विचारतील. गाडीला झालेल्या नुकसानीची जबाबदारी माफ करणारं एलडीडब्ल्यू, आणि समोरच्याच्या नुकसानीसाठी वाढीव संरक्षण देणारं एसएलआय. स्वतःची पॉलिसी नाही तोवर दोन्ही घ्या, दिवसाचा खर्च टोचला तरी. भारतीय क्रेडिट कार्डावर भाड्याच्या गाडीचं संरक्षण असेलच असं धरून चालू नका. आणि आधी कंपनीच्या एचआरला विचारा. अनेक मोठ्या कंपन्यांचे भाड्याच्या गाड्यांसाठी करार असतात, काहींत विमा धरलेला असतो, पण तो कामाच्या प्रवासापुरता आहे की तुमच्या भाजीखरेदीलाही चालतो, ते लेखी घ्या.

लायसन्स काढायला किती दिवस मिळतात ते राज्यावर आहे. कॅलिफोर्नियात रहिवासी झाल्यापासून 10 दिवस, टेक्सासमध्ये 90. भारतीय लायसन्सवर चाचणी माफ होत नाही असंच धरा, लेखी आणि रस्त्यावरची दोन्ही द्यायच्या. रस्त्यावरच्या चाचणीला विमा असलेली गाडी तुम्हीच न्यायची असते. लायसन्स नाही म्हणून विमा महाग, विम्याची गाडी नाही म्हणून चाचणी नाही, अशा कात्रीत बरेच जण सापडतात. त्यातून सुटायला ड्रायव्हिंग स्कूलची गाडी चाचणीपुरती घ्या. दोन-तीन धडेही त्याच स्कूलमध्ये घ्या, कारण उजवीकडून चालवणं, चौकातल्या चारही बाजूंच्या स्टॉपवर आपली पाळी ओळखणं, लाल दिव्यावर पूर्ण थांबून उजवीकडे वळणं हे आपल्या अंगवळणी नसतं. मित्राची गाडीही चालते, पण तिचा विमा चालू आहे आणि मित्र लायसन्ससह सोबत आहे, हे बघून.

भारतीय लायसन्सवर विमा मिळतच नाही असं नाही. काही कंपन्या देतात, फक्त हप्ता चढा असतो. शक्य असेल तर थांबा, तिथलं लायसन्स हातात घेऊन मग गाडी घ्या. थांबणं अशक्य असेल तर आता घ्या आणि नवं लायसन्स मिळाल्या दिवशी कंपनीला कळवून हप्ता पुन्हा काढायला सांगा. हे आपोआप होत नाही.

दर काढताना

प्रोग्रेसिव्ह, गायको, स्टेट फार्म यांसारख्या कंपन्यांचे दर ऑनलाइन किंवा एजंटकडून काढता येतात. यूएसएए चांगली म्हणून कुणी सांगेल, पण ती सैन्याशी संबंधित कुटुंबांसाठीच आहे. ऑनलाइन अर्ज बहुधा परदेशी लायसन्सपाशी अडतो. तेव्हा सरळ फोन उचला, किंवा अनेक कंपन्यांचं काम करणारा स्वतंत्र एजंट गाठा. आपल्या लोकांची वस्ती असलेल्या गावांत, उदाहरणार्थ न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, असे कागद रोज बघणारे एजंट असतात. एकाच माणसाला, एकाच गाडीला, दोन कंपन्यांच्या आकड्यांत दुपटीचा फरक पडलेला मी पाहिला आहे. तुलना करताना सगळीकडे मर्यादा (कंपनी जास्तीत जास्त किती देणार) आणि डिडक्टिबल (क्लेममधला आपल्या खिशातून भरायचा भाग) एकच ठेवा, नाहीतर स्वस्त दिसणारी पॉलिसी फक्त तोकडी असते.

अर्जातले तीन प्रश्न जपून सोडवा. ‘पहिलं लायसन्स कोणत्या वयात मिळालं?’ इथे कुठल्याही देशातलं चालतं की अमेरिकेतलंच, हे प्रत्येक कंपनीत वेगळं. विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. ‘सध्या विमा आहे का?’ याला ‘नाही, नुकताच परदेशातून आलो’ हेच खरं उत्तर, आणि अशा नव्याने आलेल्यांसाठी काही कंपन्यांत वेगळी सोय असते. तिसरा सोशल सिक्युरिटी नंबर. तो मुख्यतः क्रेडिट बघायला लागतो, नसेल तरी बऱ्याच कंपन्या पुढे जाऊ देतात. कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स आणि हवाई या राज्यांत गाडीच्या विम्याला क्रेडिट धरताच येत नाही, तिथे नव्या माणसाला तेवढा दिलासा.

गाडी पक्की झाली की डीलरकडून व्हिन, म्हणजे गाडीचा 17 अक्षर-अंकांचा क्रमांक, घेऊन एजंटला कळवा. पॉलिसी त्याच वेळी सुरू होते आणि ओळखपत्र फोनवर येतं. गाडी न घेता मित्रांच्या किंवा भाड्याच्या गाडीवर काही महिने काढणार असाल तर ‘नॉन-ओनर’ पॉलिसी मिळते. तिने दायित्वाचं, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचं, संरक्षण मिळतं आणि सलग विम्याचा इतिहासही त्या दिवसापासून सुरू होतो.

संरक्षण किती घ्यायचं

माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं इथे आहे. तिथे मर्यादा तीन आकड्यांत लिहितात. 30/60/15 म्हणजे अपघातात जखमी झालेल्या एका माणसासाठी 30 हजार डॉलर, त्या अपघातातल्या सगळ्यांसाठी मिळून 60 हजार, आणि समोरच्याच्या मालमत्तेसाठी 15 हजार. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून हा किमान आकडा आहे, त्याआधी तो 15/30/5 होता. टेक्सासमध्ये 30/60/25. न्यू जर्सीत 1 जानेवारी 2026 पासून 35/70/25.

आता हे आकडे रस्त्यावर ठेवून बघा. पुढची गाडी नवी, किंमत 50 हजार डॉलरच्या आसपास, तुमच्या चुकीने ती भंगारात गेली. विमा 15 हजार देणार, वरचे 35 हजार तुमच्याकडून मागितले जाणार. आतल्या माणसाचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, तर 30 हजार डॉलर अतिदक्षता विभागाच्या थोड्या मुक्कामात संपतात. मग वकील, दावा, आणि निकाल विरोधात गेला तर अनेक राज्यांत पगारातून वसुली. ज्याचं सगळं बस्तान एका नोकरीवर आणि एका व्हिसावर उभं आहे, त्याने ही जोखीम घेऊ नये. किमान 100/300/100 घ्या. किमान मर्यादेवरून तिथे जायला हप्ता त्या प्रमाणात वाढत नाही, दोन्हींचे दर शेजारी मागून बघा म्हणजे पटेल. पैसे वाचवायचे असतील तर जुन्या गाडीचं स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण कमी करा. चार हजार डॉलरची गाडी गेली तर चार हजारच जातात, पण समोरच्याच्या दाव्याला असा तळ नसतो.

दुसरं, विमा नसलेल्या किंवा तोकडा विमा असलेल्या वाहनचालकाने तुम्हाला धडक दिली तर उपयोगी पडणारं संरक्षण, अनइन्शुअर्ड मोटरिस्ट. कॅलिफोर्नियात कंपनीने ते द्यायला हवंच, नको असेल तर लेखी नकार द्यावा लागतो. ऑनलाइन अर्जात हप्ता कमी दिसावा म्हणून घाईघाईत नकाराची खूण करणारे फार असतात. ती खूण करू नका.

कोलिजन म्हणजे धडकेत आपल्या गाडीचं नुकसान. कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे चोरी, गारा, आग, हरीण आडवं येणं. इथल्या ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ पॉलिसीत सगळंच येतं, तिथे तो फक्त एक तुकडा आहे, त्यामुळे तेवढंच घेऊन ‘फुल इन्शुरन्स आहे’ असं समजू नका. कर्जावर किंवा लीजवर गाडी असेल तर दोन्ही सक्तीचे, आणि लीज देणारे दायित्वाची मर्यादाही वरची मागतात. नव्या गाडीवर मोठं कर्ज असेल तर गॅप विमा बघा, कारण गाडी पूर्ण गेली तर कंपनी बाजारभाव देते, कर्जाची बाकी नाही. डिडक्टिबल साधारण 500 किंवा 1000 डॉलर ठेवतात. तेवढे पैसे बँकेत पडून असतील तर 1000 ठेवून हप्ता कमी करा, नाहीतर 500 बरा.

वैद्यकीय खर्चाचं राज्यानुसार वेगळं. न्यू यॉर्कमध्ये चूक कुणाचीही असली तरी आपल्याच पॉलिसीतून 50 हजार डॉलरपर्यंत उपचार मिळतात. न्यू जर्सीत नोकरीचा आरोग्य विमा पहिला आणि गाडीचा दुसरा असं निवडून हप्ता कमी करता येतो. ते निवडण्याआधी, तुमचा आरोग्य विमा गाडीच्या अपघाताचे उपचार देतो हे त्या कंपनीकडून लेखी घ्या. न्यू जर्सीतच दावा लावण्याचा हक्क मर्यादित करून हप्ता कमी करायचाही पर्याय असतो. तोही फक्त स्वस्त आहे म्हणून टिकमार्क करू नये.

पॉलिसी आली की पहिलं पान, ज्याला डिक्लेरेशन पेज म्हणतात, बसून वाचा. नाव पासपोर्टप्रमाणे, व्हिनचे सगळे 17 अंक-अक्षरं, गाडी जिथे रात्री उभी राहते तो खरा पत्ता, घरातल्या चालकांची नावं, प्रत्येक संरक्षणासमोरचा आकडा, कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव. स्वस्त पडतं म्हणून मित्राच्या गावचा पत्ता देणं ही खोटी माहिती आहे आणि क्लेमच्या वेळी ती उघड होते.

एका फ्लॅटमध्ये चौघे

सुरुवातीला सगळे भाडं वाटून राहतात, आणि आपल्या पद्धतीने गाडीही वाटून घेतात. ‘किल्ली टेबलावर आहे, घेऊन जा’ हे मैत्रीत ठीक, विम्यात नाही. एका पत्त्यावर राहणाऱ्या, लायसन्स असलेल्या सगळ्यांची नावं कंपनी विचारते. जो नियमित चालवणार त्याला पॉलिसीत घाला. जो कधीच चालवणार नाही त्याच्याबद्दल काय नोंद करायची ते एजंट सांगेल. एखाद्याला वगळलं असेल तर त्याच्या हातात किल्ली अजिबात देऊ नका, विमानतळावर सोडण्यापुरतीसुद्धा.

एच-फोर, म्हणजे कुटुंबीयांच्या व्हिसावर, आलेल्या जोडीदाराला लायसन्स काढता येतं, नोकरीची परवानगी नसली तरी. सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नसल्याचं पत्र सोशल सिक्युरिटी कार्यालयातून घ्यायचं, काही राज्यांत डीएमव्ही ते मागते. शिकाऊ परवाना मिळाला की लगेच विमा कंपनीला कळवा. आई-बाबा भेटीला आले आणि बाबांना गाडी चालवायची हौस असली तर त्याआधी एजंटला विचारा. आणि उबरसारखं काम किंवा गाडी भाड्याने देणं या वाटेला जाऊ नका. साध्या पॉलिसीत ते बसत नाही, आणि एच-वन-बीवर दुसरीकडे काम करणं व्हिसाच्याच मुळावर येतं.

हप्ता कमी होत जातो

पॉलिसी बहुधा सहा महिन्यांची. एकरकमी भरली तर महिन्याच्या हप्त्यावरचं शुल्क वाचतं. मासिक भरत असाल तर ऑटो-पे लावा, कारण एक हप्ता चुकून विम्यात खंड पडला की साठत आलेला इतिहास तुटतो. गाडी कशी चालवता ते फोनवरून मोजणारी योजना, भाड्याच्या घराचा विमा त्याच कंपनीत घेणं, सुरक्षित चालवण्याचा मान्यताप्राप्त कोर्स, या सवलती विचारून घ्या. न्यू यॉर्कमध्ये असा कोर्स केल्यावर तीन वर्षं 10 टक्के सूट मिळते. आणि प्रत्येक नूतनीकरणाच्या आधी दोन-तीन ठिकाणचे दर पुन्हा काढा. पहिल्या सहा महिन्यांनंतर ‘सध्या विमा आहे का’ याचं उत्तर बदललेलं असतं, तेवढ्यानेही आकडा उतरू शकतो.

धडक झाली तर

गाडी बाजूला घ्या, कुणाला लागलं असेल तर 911 या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. रस्त्यावर ‘मिटवून टाकू’ म्हणून रोख देणंघेणं करू नका. समोरच्याला नंतर पाठदुखी सुरू झाली की दावा येतोच. समोरच्याचं लायसन्स, विम्याचं ओळखपत्र, नंबरप्लेट, दोन्ही गाड्यांचे आणि चौकाचे फोटो घ्या, साक्षीदाराचा नंबर घ्या. आपल्याकडे समजुतीच्या सुरात पटकन ‘सॉरी, सॉरी’ निघतं. विचारपूस जरूर करा, पण चूक कुणाची हे बोलू नका. पोलिसांना घडलं ते खरं सांगा आणि अहवालाचा क्रमांक मागा. त्याच दिवशी आपल्या कंपनीला कळवा. समोरच्याच्या कंपनीचा फोन आला आणि रेकॉर्डिंगवर बोला म्हणाले तर आधी आपल्या कंपनीशी बोला.

मुदतवाढ, सुट्टी आणि परतणं

एच-वन-बीची मुदतवाढ अडकली असताना नोकरी करायला 240 दिवसांपर्यंत परवानगी असते, पण लायसन्स सहसा जुन्या आय-94 च्या तारखेलाच संपतं. मुदतवाढीच्या अर्जाची पावती घेऊन डीएमव्हीत जा. काही राज्यं तेवढ्यावर थोड्या काळासाठी लायसन्स वाढवतात. कार्यालयाला वकिलामार्फत अर्ज लवकर करायला सांगणं, परवडत असेल तर प्रीमियम प्रक्रिया, म्हणजे जादा शुल्क भरून लवकर निर्णय, मागणं, हे सहा महिने आधीच बोलून ठेवा. लायसन्स संपलेलं असताना गाडी चालवू नका, विमा चालू असला तरी.

स्टॅम्पिंगसाठी, म्हणजे पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का घ्यायला, मुंबईत आलात आणि बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीची तारीख पुढे गेली तर पार्किंगमधल्या गाडीचा विमा रागाने किंवा काटकसरीने बंद करू नका. कर्ज असेल तर बँक स्वतःचा महाग विमा लावते, आणि राज्य नोंदणी निलंबित करू शकतं. कर्ज नसेल तर गाडी उभी असल्याचं कळवून फक्त कॉम्प्रिहेन्सिव्ह ठेवता येतं का ते विचारा. कॅलिफोर्नियात त्यासोबत गाडी वापरात नसल्याचं प्रतिज्ञापत्र डीएमव्हीला द्यायचं असतं. त्या काळात मित्राला गाडी ‘बॅटरी उतरू नये म्हणून’ फिरवायला सांगू नका.

कायमचे परतत असाल तर क्रम सांभाळा. आधी गाडी विकून मालकी बदलल्याची सूचना डीएमव्हीला द्या. न्यू यॉर्कसारख्या राज्यात नंबरप्लेट परत करून पावती घ्या, आणि त्यानंतरच विमा रद्द करा. उलट केलं तर विम्याविना नोंदणीचा दंड मागे लागतो. उरलेल्या दिवसांचा परतावा अनेकदा चेकने जुन्या पत्त्यावर जातो, तेव्हा तो चालू बँक खात्यात जमा करायला सांगा आणि पैसे येईपर्यंत ते खातं बंद करू नका. विमा कंपनीकडून किती वर्षं विमा होता, क्लेम किती, याचं पत्र घ्या, आणि डीएमव्हीकडून लायसन्सच्या नोंदींचा उतारा. पुढची नोकरी कॅनडात लागली तर तिथला विमा एजंट हेच दोन कागद मागेल.